"आटे गेलेत, आता अख्खा सेट बदलावा लागेल" असं कुणी म्हटलं, तर सायकल घेऊन तिथून निघा

सायकलचा कुठलाही पार्ट बदलला, की जुना पार्ट आधी हातात मागून घ्या. "तो भंगारात टाकला काका" असं उत्तर आलं तर पैसे देऊ नका. माझे ८,११० रुपये गेलेत. त्यातल्या ६,८३० चं काम सरळ माणसाने हजार रुपयांत केलं. दुकानाचं नाव लिहीत नाही, कारण तक्रार चालू आहे. पण नाशकात असं दुकान ते एकच असेल, असं मला अजिबात वाटत नाही.

माझी गियरची सायकल आहे, अॅल्युमिनियमचे क्रँक (पॅडलं ज्यांच्या टोकांना बसतात ते दोन हात), चौकोनी अॅक्सल (ते हात ज्यावर बसतात तो मधला आस). ऑफिसला तिच्यावरच जातो. पॅडलं कुरकुरायला लागली म्हणून नवी जोडी घेतली, १,१८० रुपये, आणि बसवायचे १०० वेगळे. उजवं नीट बसलं. डावं मात्र दुकानातल्या पोऱ्याने भोकाला टेकवलं आणि पहिल्या फेऱ्यापासूनच पाना लावला. पाना फिरेना, तेव्हा पान्याला पाइप अडकवून त्यावर अंग टाकलं. करकर आवाज मला ऐकू आला. मी विचारलंही, "जाम जातंय का रे?" तर म्हणे, "नवीन आहे काका, टाइटच जातं."

खोटं. पॅडलचा दांडा पोलादी असतो आणि क्रँक अॅल्युमिनियमचा. दांडा तिरका लागला की पोलाद मऊ धातू कापत आत शिरतं आणि क्रँकमधले आटे संपतात. नीट लागलेलं पॅडल आधी नुसत्या बोटांनी बरंच आत जातं, १५ नंबरचा पाना फक्त शेवटी आवळायला. डाव्या पॅडलचे आटे उलटे असतात. पॅडलवर एल आणि आर कोरलेलं असतं, ते बसवण्याआधी स्वतः वाचा. कुठल्याही बाजूचं असो, पान्याचं वरचं टोक पुढच्या चाकाकडे गेलं तर घट्ट आणि मागच्या चाकाकडे गेलं तर ढिलं. हे सगळं मला आज माहीत आहे. तेव्हा माहीत असायचं कारण काय? मी हिशेबाची कामं करतो, आणि मिस्त्रीला पैसे देतो ते त्याला हे माहीत असतं म्हणूनच.

पुढे ते पॅडल डुगडुगायला लागलं आणि भर रहदारीत सीबीएसच्या सिग्नलला निघून आलं. दांड्याच्या खाचांत अॅल्युमिनियमच्या बारीक चकत्या अडकल्या होत्या. दुकानात गेलो तर मालक माझ्यावरच उलटला. तुम्ही ढिलं पॅडल चालवलंत, म्हणून आटे गेले. एकटा डावा क्रँक मिळत नाही, सेटच येतो. सेट बदलला की बीबी (बॉटम ब्रॅकेट, म्हणजे मधला आस आणि त्याचं बेअरिंग) पण बदलावी लागते, नाहीतर नवा सेट खराब होतो. सेटचे ४,८५०, बीबीचे १,३८०, मजुरी ६००, एकूण ६,८३०. पक्कं बिल मागितलं तर "मग जीएसटी लागेल काका." हातात एक चिठ्ठी दिली, तिच्यावर ना दुकानाचा शिक्का, ना पार्टचं नाव. यूपीआय केलं तर समोर कुणा भलत्याच माणसाचं नाव आलं. मालक म्हणाला, भावाचं खातं आहे.

आणि आता ती गोष्ट, जी आठवली की अजूनही झोप लागत नाही. सायकल ताब्यात घेताना उजव्या क्रँकवर, टाचेजवळ, काळा रंग घासून चकचकीत झालेला पट्टा दिसला. माझी उजवी टाच आत वळते, बुटाने तिथे कायम घासतं. तो पट्टा माझ्या बुटानेच घासलेला होता! मी बोट ठेवून विचारलं, "नव्या सेटवर हे घासलेलं कसं?" तो क्षणभरही अडखळला नाही. "डिस्प्लेचा पीस आहे काका, म्हणून तर तुम्हाला एवढ्यात दिला." दुकानात गर्दी होती, ऑफिसची वेळ झाली होती, समोरचा माणूस हसून बोलत होता. अशा वेळी कुणीही मान हलवून निघतो. पण ती खूण माझ्या डोळ्यांसमोर होती, माझ्या बोटाखाली होती, आणि त्याच्या एका वाक्याने ती पुसली गेली याचा संताप जात नाही.

एका रविवारी त्र्यंबक रोडला अंजनेरीच्या अलीकडे डावं पॅडल पुन्हा सुटलं. या वेळी भोकातून राखाडी भुगा पडला. टेम्पोत टाकून सायकल सातपूरला एका जुन्या मिस्त्रीकडे नेली. त्याने भुगा बोटांत चोळला आणि म्हणाला, "साहेब, हे एमसील आहे." म्हणजे कुणाच्या तरी सायकलचा, आटे गेलेला क्रँक माझ्या गळ्यात मारला होता आणि पॅडल त्यात चिकटवून दिलं होतं. दोन्ही क्रँकच्या आतल्या बाजूला लांबी मिलिमीटरमध्ये कोरलेली असते. उजव्यावर १७० होतं, डाव्यावर १७५. डावा गुडघा का दुखत होता ते तिथे कळलं. बीबी उघडली तर तीच जुनी, वर गंज. उजवा क्रँक माझाच, फडक्याने पुसलेला. सहा हजार आठशे तीस रुपयांत एकही नवी वस्तू नव्हती.

या मिस्त्रीने १७० चा एकटा डावा क्रँक ८५० रुपयांत आणला, बसवायचे १५० घेतले. एकटा डावा मिळतो, हे लक्षात ठेवा. फक्त अॅक्सलचा प्रकार आणि लांबी जुळली पाहिजे. क्रँक महागडा असेल तर भोक मोठं करून, नवे आटे पाडून, पोलादी बुश (आतून आटे असलेली नळी) बसवता येतो. डाव्या बाजूला त्यासाठी उलट्या आट्यांचा टॅप, म्हणजे आटे पाडायचं हत्यार, लागतो. तो आहे का, हे आधी विचारा, आणि काढून दाखवायला सांगा.

मग सुरू झाली दारोदारची वणवण. मालक म्हणाला, आमच्याकडून गेल्यावर तुम्ही कुठे काय बसवलंत ते आम्हाला काय माहीत. पोलीस चौकीत दोन्ही क्रँक टेबलावर ठेवले. साहेबांनी ते हातातही घेतले नाहीत. "सायकलच्या पॅडलसाठी आलात? दिवाणी बाब आहे, ग्राहक मंचात जा." २०२० पासून त्याला आयोग म्हणतात हेही त्यांना ठाऊक नव्हतं. भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ फसवणुकीचंच आहे, असं म्हटल्यावर मला बाहेर बसायला सांगितलं आणि बसवूनच ठेवलं. अर्ज ठेवून घेतला, पोच दिली नाही. सायकल कंपनीचा कस्टमर केअर म्हणतो, ते दुकान विक्रीपुरतं अधिकृत आहे, दुरुस्तीची जबाबदारी आमची नाही. मग बाहेर पाटी कशाला लावू देता? एका तक्रार केंद्राने बिलावरचा जीएसटी क्रमांक मागितला. बिल दिलं नाही हीच तर तक्रार आहे, असं सांगितलं, तर तक्रार "निकाली काढली" असा मेसेज आला. ज्याने बिल दिलं नाही तो सुटतो आणि ज्याला मिळालं नाही तो अडकतो. रक्कम लाखांत असती तर हेच लोक उठून उभे राहिले असते. पगारातून ८,११० जाणाऱ्या माणसाची फसवणूक यांच्या लेखी फसवणूकच नाही. रस्त्यात ते पॅडल सुटून मी ट्रकखाली आलो असतो, तर मात्र पंचनामा वेळेवर झाला असता.

जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज दिला आहे. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तिथे फी नाही, वकील लागत नाही, आणि प्रकार घडल्यापासून दोन वर्षांत जाता येतं. सोबत यूपीआयची नोंद, ती चिठ्ठी, १७० आणि १७५ चे फोटो आणि सातपूरच्या मिस्त्रीचं सहीचं पत्र जोडलं आहे. तुमच्याकडे असाच क्रँक असेल तर फेकू नका, एमसील खरवडू नका. सायकल दुकानात सोडण्याआधी प्रत्येक पार्टचा जवळून फोटो काढा, आतल्या आकड्यासकट, आणि तो दुकानदारासमोरच काढा.