ई-कोर्ट्स सर्व्हिसेस ॲप: तालुका कोर्टातल्या जुनिअरचा अनुभव

वकिलीची सनद घेऊन मला तिसरं वर्ष चालू आहे. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुका कोर्टात सिनिअरकडं जुनिअर आहे आणि केसच्या तारखा अन् स्थिती दाखवणारं हे ॲप रोज सकाळी उघडतो, अन् संध्याकाळी घरी गेल्यावर परत एकदा. नवीन सनद घेतलेले पोरं पैसे भरून घ्यायच्या लीगल सॉफ्टवेअरच्या जाहिराती पाहून विचारत राहतात की भाऊ कोणतं घेऊ, तं त्यांच्यासाठी लिहून राहिलो की पहिले हे शिका. फुकट आहे, सुप्रीम कोर्टाच्या ई-कमिटीच्या प्रकल्पातलं आहे, जिल्हा-तालुका कोर्ट अन् हायकोर्ट दोन्ही एकाच ॲपमध्ये येतात, म्हणजे नागपूर खंडपीठातली मॅटरही इथंच पाहता येते.

मी याच्याकडं वळलो ते एका चुकीमुळं, अन् चूक माझीच होती. पहिल्या वर्षी एका वाटणीच्या दाव्यात १७ तारीख पडली आणि मी डायरीत लिहिली २७. आमचे पक्षकार वादी, म्हातारे काका, त्यांनाही मी २७ च सांगितली. १७ ला समोरचे हजर, आमच्याकडून कोणीच नाही, दावा डिफॉल्टमध्ये, म्हणजे गैरहजेरीमुळं, खारीज. चारपाच दिवसांनी मी बसल्याबसल्या सगळ्या केसेस ॲपमध्ये सेव्ह करत होतो तं त्या दाव्यापुढं निकाली असं दिसलं, माझ्या हातापायातलं त्राणच गेलं. सिनिअर साहेबांना जाऊन खरं काय ते सांगितलं. दिवाणी प्रक्रिया संहितेतल्या ऑर्डर ९ रूल ९ चा, म्हणजे खारीज दावा परत चालू करायचा अर्ज ३० दिवसांच्या आत द्यावा लागते, आमच्या हातात अजून दिवस होते म्हणून दावा परत बोर्डावर, म्हणजे कोर्टाच्या कामाच्या यादीत आला. काका काही बोलले नाहीत पण तेव्हापासून एक नेम आहे, डायरीतली प्रत्येक तारीख त्याच रात्री ॲपशी ताडून पाहायची.

आता वापरायचं कसं. प्रत्येक केसला १६ अक्षरी सीएनआर नंबर राहते, आपल्याकडचा एमएच पासून सुरू होते अन् शेवटचे चार आकडे म्हणजे वर्ष. जज बदलले तरी या नंबरावरून केस सापडते, म्हणून वकालतनाम्यावर सही घेतली की फाईलच्या वरच्या पानावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा. मंग ती केस ॲपमधल्या माय केसेस या यादीत टाका, कॅलेंडरमध्ये महिनाभराच्या तारखा एका जागी दिसतात.

सीएनआर नसला तं पक्षकाराच्या नावानं शोधता येते, पण इथंच नवीन पोरं अडकतात, काहून का नावं इंग्रजीत भरलेली असतात. आपल्याकडं वानखडे पण आहेत अन् वानखेडे पण, कोणी डब्ल्यूनं लिहिलं कोणी व्हीनं, सातबाऱ्यावर एक, आधारवर दुसरं. पूर्ण नाव टाकूच नका, सुरुवातीची तीनचार अक्षरं टाका अन् वर्ष टाका, यादीतून आपली केस निवडा. एफआयआर नंबरावरूनही शोधता येते, जामिनाच्या कामात लय उपयोगी पडते. कॅव्हेट, म्हणजे मला ऐकल्याशिवाय आदेश देऊ नका असा समोरच्यानं आधीच दिलेला अर्ज, शोधायचीही सोय आहे, मनाईचा अर्ज लावायच्या आधी ते पाहायची सवय करा.

सगळ्यात जास्त मी शिकलो ते केस हिस्टरीमधून. मागच्या प्रत्येक तारखेवर टच केलं की त्या दिवशी काय कामकाज झालं ते थोडक्यात येते. सिनिअर ऐनवेळी जुनी फाईल हातात देतात तेव्हा दहा मिनिटांत कळते की समोरच्यानं किती वेळा मुदतीचे अर्ज दिले, से, म्हणजे अर्जावरचं लेखी म्हणणं, कधी दाखल झाला, साक्षीदार किती वेळा परत गेला. एवढं पाहून उभं राहिलं तं जजसाहेबांनी विचारल्यावर फाईल चाळत बसावं लागत नाही.

कमी काय ते पण सांगतो. कोर्टाच्या संगणकात तारीख भरली की मगच ॲपमध्ये दिसते, म्हणून बोर्ड संपल्याबरोबर ॲप पाहून पक्षकाराला तारीख सांगू नका, बेंच क्लार्ककडून ऐकून डायरीत लिहा अन् रात्री ताडा. दुसरं, इथून उतरवलेला आदेश वाचायला चांगला आहे पण ती कोर्टाच्या सहीशिक्क्याची नक्कल नव्हे, अपिलासाठी नकलेचा अर्ज वेळेतच टाका. नक्कल मिळायला लागलेला वेळ मुदत कायद्याच्या कलम १२ नं वगळून मिळते, पण अर्जच उशिरा टाकला तं अर्जाच्या आधी गेलेले दिवस कोणी परत देत नाही.

पक्षकारांचं म्हणाल तं आमचे अर्धेअधिक लोक बटणाचा मोबाईल वापरतात. त्यांच्यासाठी एसएमएसची सोय आहे, इंग्रजीत ईकोर्ट्स लिहून एक जागा सोडून सीएनआर नंबर टाकायचा अन् ९७६६८९९८९९ वर पाठवायचा. मी तो मेसेज त्यांच्याच मोबाईलवर टाइप करून ठेवतो, घरच्या शाळकरी पोराला दाखवून देतो. कापूस वेचणीच्या दिवसांत एका बाईचा तारखेच्या चिठ्ठीचा कागद लुगड्यासोबत धुतल्या गेला, तिनं दोन तारखा अंदाजानं चकरा मारल्या, मजुरी बुडली अन् एसटीचं भाडं गेलं ते वेगळंच. असं पाहिलं की जीव तुटते.

आता एवढं हाताशी आलं की पुढच्या दोन गोष्टी शिका, दोन्ही फुकट. सुप्रीम कोर्टाचे निकाल त्यांच्याच ई-एससीआर या वेबसाइटवर वाचा, बरेच मराठीतही आहेत, आणि एआयनं सांगितलेला निवाडा तिथं स्वतः उघडून वाचल्याशिवाय कोर्टात दाखवू नका. आणि व्हॉट्सॲपचे स्क्रीनशॉट किंवा सीसीटीव्ही दाखल करत असाल तं १ जुलै २०२४ पासून जुन्या पुरावा कायद्यातल्या कलम ६५-बी च्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ६३(४) आलं आहे. त्याच्या प्रमाणपत्राचे भाग अ अन् ब असे दोन भाग आहेत आणि फाईलची हॅश व्हॅल्यू, म्हणजे फाईल बदलली नाही हे तपासायचा तिचा खास कोड, लिहावी लागते. जुनाच नमुना कॉपी करून जोडू नका.

माझ्याकडून पाचापैकी चार. एक काम मात्र आजच करा, माय केसेसमधून एक्स्पोर्ट करून ती फाईल स्वतःला मेल करून ठेवा. मागच्या पावसाळ्यात माझा मोबाईल भिजून बंद पडला, एक्स्पोर्ट केलेलं नव्हतं, आणि सगळ्या केसेस फाईलवरून एकेक करून परत भरायला दोन रविवार गेले.