आईची बोरमाळ न मोडता टंच कळला: गुजरीतला अनुभव

आईची बोरमाळ १९६१ सालची, तिच्या लग्नातली. आम्हा दोघी बहिणींत वाटणी करायची म्हणून टंच, म्हणजे सोन्याची शुद्धता, बघायचा होता. पहिल्या दुकानात म्हणाले, दोन मणी वितळवल्याशिवाय सांगता येणार नाही. मी माळ पर्समध्ये टाकली आणि बाहेर पडले.

मग कोल्हापूरच्या गुजरीत, म्हणजे सराफ बाजारात, एका अरुंद जिन्यावरच्या टंच केंद्रात गेलो. एक खोली, एक क्ष-किरणांचं यंत्र, एक तरुण मुलगा. मणी यंत्राच्या खिडकीवर ठेवायचा, झाकण लावायचं, तीस सेकंद थांबायचं. क्ष-किरण पडले की प्रत्येक मूलद्रव्य स्वतःच्या ठरावीक ऊर्जेचे किरण परत सोडतं: तांबं ८.०५, सोनं ९.७, चांदी २२.१ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टला. बत्तीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलं, पण आलेखातली ही शिखरं पडद्यावर उभी राहताना मी पहिल्यांदाच पाहिली.

पहिल्या मण्याचं सोनं ९३.४ टक्के आलं. बहीण खूश झाली. मुलगा मात्र थांबला. म्हणाला, "काकू, हे वरवरचं आहे. उजाळा देताना आम्ल वरचं तांबं खातं, सोनं मागं राहतं. भोकाजवळ घेऊया की, तिथं दोऱ्यानं घासलंय." मणी फिरवला, कॅमेऱ्यात बघून नेमका तो झिजलेला काठ धरला. आकडा आला ९०.८. म्हणजे २२ कॅरेटच्या ९१.६ पेक्षा जरा कमीच. याच एका गोष्टीसाठी मी हे केंद्र सगळ्यांना सुचवेन. जास्तीचा आकडा देऊन आम्हाला खूश पाठवणं त्याला सोपं होतं.

त्याने एकेक करत सगळे मणी बघितले. चार मणी ७६ च्या आसपास निघाले, म्हणजे १८ कॅरेटच्या जवळ. बहिणीला लगेच आठवलं: जोतिबाच्या यात्रेत माळ तुटली होती, मणी पायऱ्यांवरून घरंगळले, आणि बाबांनी हरवलेले चार नंतर करून आणले. ते आणताना किती ओढाताण झाली असेल, हे मला त्या आकड्यांवरून कळलं.

मर्यादाही त्यानेच सांगितली. सोन्यात हे यंत्र जेमतेम दहाएक मायक्रॉन आतलं बघतं, केसाच्या जाडीहूनही कितीतरी कमी. बोरमाळेच्या मण्यांत लाख असते, ती किती हे कळत नाही. त्यामुळे टंच कळला तरी निव्वळ सोन्याचं वजन कळलं नाही. आत टंगस्टन भरून वर जाड सोनं चढवलेला नगही इथे खरा ठरेल. आणि पाण्यात तोलूनही तो सहज सापडत नाही, कारण टंगस्टनची घनता १९.२५ आणि सोन्याची १९.३. प्रयोगशाळांत बारीक काचनळ्यांची दोन भिंगं एकाच बिंदूवर रोखून थरामागून थर मोजतात, त्यातून मूलद्रव्यांचा त्रिमितीय नकाशा मिळतो. रंगांच्या थरांना, काचेला ते लागू पडतं. सोनं इतकं जड की खोलातले किरण बाहेर पोचतच नाहीत.

तक्रार एकच. छापील चिठ्ठीवर फक्त सरासरी येते. प्रत्येक मण्याचा आकडा हवा असेल तर मागून घ्या. मला त्याने पाठीमागे हाताने लिहून दिले. घाई असेल तर दुपारी जाऊ नका, सराफांची पोरं पुड्या घेऊन रांगेत असतात. नगाला पन्नास रुपये घेतले, इतक्या वेळा मोजूनही एक पैसा जास्त नाही.

खाली उतरून पटवेकऱ्याकडून माळ पुन्हा ओवून घेतली. ते चार मणी वेगळे काढायला सांगितले होते. निम्म्या वजनाचा हिशेब मी वहीत मांडला, तर बहीण म्हणाली, माळ तू ठेव, मला बाबांचे चार मणी दे.