सांधे नाजूक असलेल्या लेकरासाठी स्ट्रोलर: छत्रीवाला, मोठा, कॉम्पॅक्ट की स्पेशल बग्गी?

दोन-अडीच वर्षांचं मूल, सांध्यांचा काहीतरी त्रास, डॉक्टर म्हणतात चालू द्या पण दमवू नका, आणि तुम्ही राहता मुंबईत. सांध्यांना हवी घट्ट, न वाकणारी बैठक, म्हणजे आलीच जड गाडी, आणि मुंबईला हवी एका हाताने मिटून रिक्षात घुसणारी हलकी गाडी. दोन्ही एकात मिळणं कठीण, मिळालं तर खिसा रिकामा. म्हणून माझं मत आधीच सांगून टाकते: तडजोड चाकांत करा, छपरात करा, खालच्या बास्केटमध्ये करा, सीटमध्ये करू नका.

माझी लेक आता तीनची होईल. हायपरमोबिलिटी, म्हणजे सांधे ढिले, घोटे आत कलंडतात, सकाळी बागेत मस्त पळते आणि स्टेशनपासून दवाखान्यापर्यंत चालायचं म्हटलं की अर्ध्या वाटेत "आई उचल". बिल्डिंगमधल्या काकूंचं ठरलेलं, अगं एवढी मोठी झाली आणि अजून गाडीत, काल तर धावत होती की. हो, काल धावत होती म्हणूनच आज पाय दुखतायत. असो.

छत्रीवाल्यापासून सुरू करते कारण सगळे आधी तोच घेतात. दोन वाकडे दांडे, मिटला की लांबट होतो तो. १९६५ मध्ये ओवेन मॅक्लारेन या विमानाच्या इंजिनिअरने तो डिझाइन केला तोच मुळी हलकेपणासाठी, आणि हलकेपणा आला कशातून तर अ‍ॅल्युमिनियमच्या नळ्यांमध्ये नुसतं कापड ताणून. आजही स्वस्तातले छत्रीवाले तसेच असतात आणि ती सीट म्हणजे झोळीच. मूल बसलं की मध्ये खड्डा पडतो, ढुंगण मागे सरकतं, पाठीला पोक येतो, मांड्या आत वळून गुडघे एकमेकांना चिकटतात आणि पाय खाली लोंबकळतात. बाकी मुलं हलून-डुलून स्वतःला सावरून घेतात, पण ढिल्या सांध्यांचं किंवा स्नायूंचा टोन कमी, म्हणजे स्नायू सैल असलेलं मूल आहे तसंच लिगामेंटवर, म्हणजे हाडं जोडणाऱ्या पट्ट्यांवर, लटकून राहतं. आमची थोड्या वेळात एका बाजूला कलंडलेली असायची, बेल्ट मानेला घासतोय, आणि घरी आल्यावर पाठ दुखते म्हणून रडारड.

याला एक जुगाड आहे, आमच्या फिजिओने सांगितलेला आणि खरंच कामाचा. सीटच्या मापाचा पातळ प्लायवूडचा तुकडा, कडा घासून गोल केलेल्या, वर इंचभर ईव्हीए फोम, त्यावर धुता येईल असं कापडी कव्हर आणि खालून वेल्क्रो, म्हणजे सरकत नाही. आमच्या गल्लीतल्या सुताराने उरलेल्या तुकड्यातून चहापाण्याच्या पैशात करून दिला. मांड्या बाहेर पडत असतील तर दोन्ही बाजूंना टॉवेलची बारीक गुंडाळी. पण बैठक वर आली की खांद्याचा बेल्ट कुठल्या छिद्रातून येतोय ते परत बघा, आणि पाठीमागे जाड मऊ उशी अजिबात घालू नका, ती दबली की बेल्ट ढिला पडतो आणि मूल पुढे घसरतं. एवढं करूनही पायाखाली काही येत नाही, आणि पाय टेकलेले नसले की वरचं सगळं डळमळतं. तर प्लायवूड घालून छत्रीवाला जवळच्या कामांना चालेल, रोजच्या लांबच्या प्रवासाला नाही.

मोठा स्ट्रोलर, म्हणजे मॉलमध्ये दिसतो तो ऐसपैस. बैठक कडक, पाच पॉइंटचा बेल्ट, फूटरेस्ट वर-खाली होतो, चाकं मोठी, थोडं सस्पेन्शन. आपल्या फूटपाथवर पेव्हर ब्लॉकच्या फटीत छोटी पुढची चाकं अडकतात आणि तो दणका थेट मुलाच्या मानेला आणि कमरेला बसतो, मोठ्या चाकात हे बरंच कमी होतं. सीटच्या बाबतीत बऱ्याच मुलांना एवढं पुरतं. पण गाडी दहा किलोच्या आसपास, वर मूल बारा-तेरा किलोचं, आणि हे सगळं घेऊन रेल्वेचा पूल चढायचा? स्टेशनला लिफ्ट असते हो, पण ती प्लॅटफॉर्मच्या एका टोकाला आणि तुमचा डबा थांबतो दुसऱ्या टोकाला. टॅक्सीचं तर विचारूच नका, डिकीत सीएनजीची टाकी, उरलेल्या जागेत एक पिशवी मावते. रिक्षात मिटलेला मोठा स्ट्रोलर पायांमध्ये उभा धरला की आपले पाय बाहेर. जुन्या बिल्डिंगमध्ये जाळीची लिफ्ट असेल तर घ्यायच्या आधी दाराची रुंदी टेपने मोजा, दुकानदार "जातो हो ताई" म्हणेल, त्याच्या म्हणण्याने दार रुंद होत नाही. ज्यांचं सगळं स्वतःच्या कारने किंवा मेट्रोने होतं त्यांना मात्र मी हाच घ्या म्हणेन. मेट्रोला लिफ्ट आहे, रुंद गेट आहे, डबा प्लॅटफॉर्मच्या लेव्हलला लागतो.

मधला प्रकार म्हणजे कॉम्पॅक्ट, तीन घड्यांत मिटून खांद्याला लटकवता येतो तो. योयो नावाच्या स्ट्रोलरने हा प्रकार गाजवला, वजन साधारण सहा किलो आणि २२ किलोपर्यंतचं मूल चालतं, किंमत मात्र बाप रे. तसेच दिसणारे इथले ब्रँड बरेच स्वस्तात मिळतात, पण दिसायला सारखे म्हणजे बसायला सारखे नाहीत. दुकानात सीटच्या मधोमध मुठीने दाबून बघा, मूठ खाली गेली तर तीही झोळीच, फक्त महाग. फूटरेस्ट नुसती कापडी पट्टी आहे की पाय खरंच टेकतो, तेही मूल बसवूनच कळतं.

वजनाची मर्यादा लोक वाचतच नाहीत. साध्या स्ट्रोलरवर बहुतेक वेळा १५ किलो लिहिलेलं असतं. युरोपच्या ईएन १८८८ स्टँडर्डमध्येही दोन भाग आहेत, एक १५ किलोपर्यंत आणि दुसरा २२ किलोपर्यंत. डब्ल्यूएचओच्या चार्टवर तीन वर्षांचं मूल सरासरी १४ किलोच्या आसपास आणि चार वर्षांचं १६ च्या. बाकी मुलं तोवर गाडी सोडून देतात, आपल्यांना लांबच्या अंतरासाठी चार-पाच वर्षांपर्यंत लागू शकते, म्हणजे १५ किलोवाला घेतला की वर्षभरात परत खरेदी. २२ वाला बघा.

आता स्पेशल बग्गी. ऑटोबॉकची किम्बा, कॉन्व्हेड वगैरे, ज्या मुळातच अशा मुलांसाठी बनवलेल्या असतात. सीटची खोली, रुंदी, फूटरेस्ट सगळं मुलाच्या मापाने ॲडजस्ट होतं, कमरेला बाजूने आधार, छातीला आधार, हवा तर डोक्यालाही. आणि टिल्ट, ज्यासाठी मी म्हणेन की गरज असेल तर पैसे मोजावेत. साध्या स्ट्रोलरमध्ये पाठ मागे पडते, सीट तिथेच राहते, म्हणजे कमरेचा कोन उघडतो आणि मूल हळूहळू खाली घसरतं. टिल्टमध्ये अख्खी सीट मागे झुकते, कंबर आणि गुडघे आहेत त्याच कोनात राहतात, मूल आराम करतं पण बसण्याची पोझिशन बिघडत नाही. ज्या मुलाला धड सावरत नाही, मान दमते, त्याच्यासाठी यात आणि बाकीच्यांत तुलनाच नाही. पण इम्पोर्टेड बग्गीचा आकडा लाखाच्या घरात जातो, वजन मोठ्या स्ट्रोलरपेक्षाही जास्त भरू शकतं, आणि सुट्या पार्टसाठी थांबावं लागतं. कॉन्व्हेडच्या काही गाड्या छत्रीसारख्या मिटतात, मुंबईत तेवढाच दिलासा.

पैशाचा प्रश्न असेल तर दिव्यांगांसाठीच्या सरकारी एडिप योजनेत सीपी चेअरसारखी (सेरेब्रल पाल्सीच्या मुलांची आधाराची खुर्ची) साधनं मिळतात, त्यासाठी निदान ४०% दिव्यांगत्वाचं सर्टिफिकेट लागतं आणि उत्पन्नाची अट आहे. नुसते ढिले सांधे असलेली बरीच मुलं त्या ४०% पर्यंत पोचत नाहीत, तेव्हा त्या आशेवर खरेदी थांबवू नका. सीपी चेअर घरात जेवायला-खेळायला चांगली, पण ती घेऊन स्टेशन गाठायचं म्हणजे नको रे बाबा. हाजीअलीला ऑल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ फिजिकल मेडिसिन अँड रिहॅबिलिटेशन आहे, सरकारी आहे, तिथे फिजिओ, ऑक्युपेशनल थेरपी आणि ऑर्थोटिक्स (स्प्लिंट वगैरे बनवणारे) एकाच छताखाली, बैठकीबद्दल विचारायला मी तरी दुकानाआधी तिथे जाईन.

कुठला त्रास आहे त्यावरही गणित फिरतं. हिप डिस्प्लेझिया, म्हणजे खुब्याचा सांधा खोबणीत नीट न बसलेला, असेल तर मांड्या फाकलेल्या राहायला हव्यात, अरुंद सीट किंवा गुडघे जवळ आणणारी झोळी नकोच, आणि प्लास्टर असेल तर बाजूचे दांडे आड येतात, रुंद सीट शोधा. क्लबफूटचे, म्हणजे जन्मतः आत वळलेल्या पावलांचे, बूट आणि मधली दांडी असेल तर समोरचा बंपर बार काढता येतो का बघा. लहान मुलांचा आर्थ्रायटिस असेल तर गुडघे एकाच कोनात तासभर अडकवून ठेवणं वाईट, फूटरेस्ट वर करून पाय लांब करता यायला हवेत. आणि कुठलाही त्रास असला तरी गाडी लांबच्या अंतरापुरतीच. स्नायू वापरले नाहीत तर ते कमजोर होतात आणि सांध्यांवर भार अजून वाढतो, त्यामुळे घरी, बागेत, सोसायटीत चालू दे, किती ते फिजिओ सांगेल.

मग घ्यायचं काय? मूल स्वतःचं स्वतः बसत असेल आणि तुमचा प्रवास लोकल-रिक्षाचा असेल तर २२ किलोवाला कॉम्पॅक्ट, बैठक मऊ वाटली तर त्यात प्लायवूड. आम्ही हेच केलं आणि लेक आता सरळ बसते, निदान परळ येईपर्यंत तरी. कार किंवा मेट्रोवाल्यांनी मोठा घ्या. बसतानाच तोल जात असेल, मान टिकत नसेल, तर दोन्ही सोडा आणि स्पेशल बग्गीच्या मागे लागा, सेकंडहँड, भाड्याने, कशीही. बेबी कॅरिअर हा पर्याय नाही असं नाही, पण तेरा किलोचं मूल अंगावर घेऊन गर्दीत उभं राहायचं तर आधी आपल्या कमरेचा एक्सरे काढावा लागेल.

ट्रायलला जाताना मुलाचे स्प्लिंट, एएफओ (घोटा-पावलाला आधार देणारा पट्टा), जे काही असेल ते घालूनच न्या, त्याने पायाची लांबी आणि रुंदी दोन्ही बदलतं. ढुंगण पार मागे टेकवा, गुडघ्याची मागची बाजू आणि सीटची कड यांत दोन बोटं मावली पाहिजेत, कमरेचा बेल्ट पोटावर नको, खाली मांडीच्या घडीवर. मग वीसेक मिनिटं तसंच बसू दे, हातात बिस्किट द्या, दुकानदाराला वाट बघू दे. आर्थ्रायटिसवाल्यांनी तर सकाळीच जा, सांधे तेव्हाच आखडलेले असतात. सेकंडहँड घेत असाल तर ब्रेक आणि फोल्डचं लॉक परत परत लावून बघा, आणि पावसाळ्यात कोंदट गॅलरीत पडून राहिलेली, बुरशीचा वास मारणारी गाडी कितीही स्वस्त असली तरी सोडून द्या, ते फोम धुऊन सुकत नाही.