जुनी ‘बी’ कावीळ रक्तदात्यात कशी पकडायची: अँटी-एचबीसी की नॅट?

‘कधी कावीळ झाली होती का?’ या प्रश्नाला शिबिरात बहुतेक दाते ‘नाही’ म्हणतात आणि ते खोटं बोलत नसतात. हिपॅटायटिस बी पुष्कळदा डोळे पिवळे न होताच येऊन जातो. गावाकडं ‘पांढरी कावीळ’ म्हणतात ती हीच.

एचबीएसएजी (विषाणूच्या बाहेरच्या आवरणातलं प्रथिन) शोधणारी तपासणी कायद्यानं प्रत्येक पिशवीला सक्तीचीच आहे. पण लागणीनंतर साधारण महिनाभर ती निगेटिव्ह येऊ शकते. जुनी लागण यकृतात दबून राहिली असेल तरीही निगेटिव्हच. मग कोल्हापुरातल्या मध्यम रक्तकेंद्रानं जादा पैसा कशावर घालावा?

अँटी-एचबीसी म्हणजे विषाणूच्या गाभ्याविरुद्ध शरीरानं बनवलेली अँटीबॉडी. ही होऊन गेलेल्या लागणीची खूण, बहुधा जन्मभर टिकणारी. लशीनं ती उमटत नाही, त्यामुळं लस घेतलेला दाता यात अडकत नाही. असलेल्या एलायझा (अँटीबॉडी वगैरे तपासणाऱ्या) यंत्रावरच काम भागतं. किट मात्र ‘टोटल’ (नवी-जुनी दोन्ही अँटीबॉडी दाखवणारं) मागवा. आयजीएमचं (सुरुवातीच्या अँटीबॉडीचं) किट मुख्यतः ताजी लागण दाखवतं, जुनी त्यातून निसटते. खरी अडचण दात्यांची. पॉझिटिव्ह येणारे बहुतेक जण पूर्ण बरे झालेले असतात, शिवाय काही निकाल खोटे पॉझिटिव्हही निघतात. सरसकट सगळ्यांना नाकारलं, तर मे महिन्यात कॉलेजं बंद असताना फ्रीज रिकामा पडेल. लागण कमी असलेल्या ब्रिटनला 2022 पासून हे झेपलं, कारण तिथं नाकारावे लागणारे दाते थोडे.

नॅट (न्यूक्लिइक ॲसिड टेस्ट) थेट विषाणूचा डीएनए शोधते, म्हणून ताजी लागण बरीच आधी सापडते. दबलेल्या लागणीत मात्र डीएनए बहुधा मिलिलिटरला 200 आययूपेक्षा (आंतरराष्ट्रीय एककांपेक्षा) कमी असतो, कधी सापडतो, कधी नाही. त्यात सहा नमुने एकत्र केले की तो सहापट पातळ! नमुने बाहेरगावी पाठवले, तर प्लेटलेटच्या पाच दिवसांच्या आयुष्यातला वेळ वाटेतच जातो.

आमचा कौल असा: पैसे असतील तर आधी नॅट, तीही प्रत्येक नमुन्याची स्वतंत्र. अँटी-एचबीसी नेहमीच्या प्लेटलेट दात्यांना आणि वारंवार रक्त लागणाऱ्या थॅलेसेमियाच्या मुलांसाठी ठरलेल्या दात्यांना एकदा करावी. नॅट शक्यच नसेल, तर निदान एवढं तरी कराच.

अँटी-एचबीसी पॉझिटिव्ह दात्याला ‘तुम्हाला कावीळ आहे’ असं सांगून घरी पाठवू नका. अँटी-एचबीएस (संरक्षण देणारी अँटीबॉडी) आणि डीएनए तपासायला सांगा. पुढं कधी केमोथेरपी किंवा रिटुक्सिमॅब (प्रतिकारशक्ती दाबणारं औषध) घ्यायची वेळ आली, तर हा कागद आधी डॉक्टरांना दाखवायचा, कारण प्रतिकारशक्ती दबली की झोपलेला विषाणू पुन्हा उठू शकतो.