"तुम्ही जरा बाहेर बसता का ताई" : नागपुरातल्या एका मदत केंद्राचा अनुभव

पहिलेच सांगून देते, अत्याचार झालेल्या दिव्यांग बायकांसाठीच्या या केंद्राचं नाव आणि पत्ता इथे टाकत नाहीये आणि कमेंटमध्ये विचारू पण नका. तिथे ज्या बायका येतात त्यांच्या घरचे लोक त्यांना शोधत येतात, आम्ही होतो त्या दिवशी एकीचा दीर गेटवर तासभर उभा होता. ज्यांना खरंच गरज आहे त्यांनी १८१ ला फोन करा, तिथून जवळच्या सखी वन स्टॉप सेंटरशी, म्हणजे अत्याचार झालेल्या बायकांसाठीच्या सरकारी मदत केंद्राशी, जोडून देतात. आताच्या आता जिवाला धोका असेल तर ११२. आणि वकिलाची मदत पाहिजे असेल तर १५१००.

एक संस्था हे केंद्र चालवते पण एकटी नाही चालवत. संरक्षण अधिकारी मॅडम (घरगुती हिंसाचार कायद्याचं काम पाहणाऱ्या सरकारी अधिकारी), विधी सेवा प्राधिकरणाच्या वकील, पोलीस स्टेशनच्या महिला हवालदार, मूकबधिर शाळेतल्या एक रिटायर टीचर ज्या इंटरप्रिटर म्हणून येतात, असे सगळे मिळून. दिव्यांग बायकांवर घरात किंवा बाहेर जो अत्याचार होतो त्यासाठीच हे जुळवलेलं आहे. माझी लहानी बहीण जन्मापासून कर्णबधिर आहे, तिला घेऊन मी पोळ्यानंतरपासून तीन महिने तिथे जात होती. तिला विचारूनच हे लिहितेय.

झालं असं की तान्ह्या पोळ्याला लहानी माहेरी आली, माझा मुलगा लाकडी नंदी सजवून राहिला होता आणि ती त्याला झालर लावून देत होती, तेव्हा मला दिसलं की तिच्या कानात मशीन नाही. विचारलं तर हातानेच सांगितलं की सासूने काढून ठेवली, सहा महिने झाले. मग हळूहळू बाकीचं निघालं. फोन नवऱ्याकडे, म्हणजे व्हिडिओ कॉल बंद, आणि ज्यांच्या घरी कोणी कर्णबधिर असेल त्यांना कळेल की व्हिडिओ कॉल बंद म्हणजे त्या माणसाचं बोलणंच बंद. सरकारच्या निराधार योजनेचे पैसे तिच्या खात्यात येतात पण एटीएम कार्ड सासूकडे. दंडावर वळ होते. चार वर्षं झाली लग्नाला आणि आम्ही दर सणाला तिला हसताना पाहून समजत होतो की सगळं ठीक आहे.

आम्ही आधी एका पोलीस स्टेशनला गेलो. नाव नाही सांगत. तिथल्या साहेबांनी लहानीकडे एकदाही पाहिलं नाही, माझ्या भावाला म्हणाले तुम्ही सांगा काय झालं, भावाने त्याला जे माहीत होतं ते सांगितलं, साहेबांनी दोन ओळी लिहिल्या आणि घरचा मामला आहे, समजवून पहा म्हणाले. लहानी बाजूला बसून आमच्या तोंडांकडे पाहत होती, कोण काय म्हणून राहिलं ते ओठांवरून समजून घ्यायचा प्रयत्न करत. तो अर्धा तास मला आजही आठवतो तर घशाशी येतं.

नंतर तिच्या जुन्या शाळेतून या केंद्राचा पत्ता मिळाला.

आता खरा रिव्ह्यू. पहिल्या दिवशी केस वर्कर ताईंनी पाणी दिलं, इंटरप्रिटर मॅडमशी ओळख करून दिली आणि मला म्हणाल्या, "तुम्ही जरा बाहेर बसता का ताई." मला रागच आला. मी तिची मोठी बहीण, मी तिला घेऊन आली, लहानपणापासून तिचं सगळं मीच लोकांना सांगत आली, आणि मलाच बाहेर? दीड तास बाहेरच्या बाकड्यावर बसली. आत गेली तेव्हा लहानीचे डोळे सुजलेले होते पण चेहरा मोकळा होता. तिने आत काय सांगितलं ते सगळं मला आजही माहीत नाही, आणि जे नंतर तिने स्वतः सांगितलं ते ती माझ्यासमोर कधीच बोलली नसती, कारण तिला वाटायचं की ताई आईला सांगेल आणि आईचं बीपी वाढेल. ताईंनी मला नंतर समजवलं की घरचं माणूस कधीच इंटरप्रिटर म्हणून घेत नाही, कारण कितीतरी वेळा मारणारा माणूसच सोबत येऊन बायकोच्या वतीने बोलतो. आणि घरचे चांगले असले तरी ते आपल्या मनाने गाळून सांगतात. मी पण गाळलंच असतं. एवढ्या एका गोष्टीसाठी मी या केंद्राला पाचपैकी पाच द्यायला तयार आहे, बाकीच्यात कमीजास्त करू.

दुसरी गोष्ट. बोलताना सगळे लहानीकडे पाहून बोलायचे, इंटरप्रिटरकडे नाही. मध्येच कोणी आत येऊन चहाचं विचारलं तर मॅडम ते पण खुणेने तिला सांगायच्या. मी विचारलं कशाला एवढं, तर म्हणाल्या की तुम्हाला ऐकू येतं न, मग तिला का नाही कळायचं खोलीत काय चाललंय.

लहानीला पहिले पोलीस केस करायचीच नव्हती. तिला मशीन, फोन आणि एटीएम कार्ड पाहिजे होतं, बस. मी आणि भाऊ दोघंही केस करा म्हणून मागे लागलो होतो, आणि ताईंनी आम्हाला स्पष्ट सांगितलं की ठरवेल ती. मग संरक्षण अधिकारी मॅडमनी तिथेच बसून २००५ च्या घरगुती हिंसाचार कायद्याखाली रिपोर्ट भरला. आम्हाला त्यांच्या ऑफिसला चकरा माराव्या लागल्या नाही, त्याच आल्या होत्या. हा मोठा फरक आहे. नाहीतर आपल्याकडे बाईने एकच दुःख पोलीस, मेडिकल, वकील, कलेक्टर ऑफिस असं पाच ठिकाणी पाच वेळा सांगायचं, आणि जिला बोलून सांगता येत नाही तिने पाच ठिकाणी पाच नवीन इंटरप्रिटर कुठून आणायचे? इथे फाइल एकच, इंटरप्रिटर एकच, आणि दवाखान्यात तपासणीला गेलो तेव्हा केस वर्कर ताई केसपेपरच्या खिडकीपासून सोबत.

वकील मॅडमनी जे सांगितलं ते मी वहीत लिहून आणलं, इथे देते कारण आम्हाला यातलं काहीच माहीत नव्हतं. २०१६ चा दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा आहे, त्याच्या कलम ९२ मध्ये दिव्यांग माणसाच्या सहाय्यक उपकरणाचं नुकसान करणं किंवा ते वापरण्यात जाणूनबुजून अडथळा आणणं हा गुन्हा आहे, सहा महिने ते पाच वर्षं शिक्षा आणि दंड. म्हणजे कानाची मशीन काढून ठेवणं, कुबड्या लपवणं, व्हीलचेअर दुसऱ्या खोलीत नेऊन ठेवणं, याला "घरचा मामला" म्हणता येत नाही. ज्याच्या ताब्यात ती व्यक्ती आहे त्याने जाणूनबुजून तिला जेवण-पाणी न देणं हे पण त्याच कलमात आहे. आणि कलम ७ वाचून तर मी थक्क झाली. दिव्यांग व्यक्तीवर अत्याचार होतो असं पोलिसांना कळलं तर त्यांनी तिला सांगायलाच पाहिजे की कार्यकारी दंडाधिकाऱ्याकडे संरक्षण मागता येतं, फुकट वकील मिळतो, आणि जवळची दिव्यांगांसाठी काम करणारी संस्था कोणती. म्हणजे पोलिसांनी संस्थेकडे पाठवणं हे कायद्यातच लिहून ठेवलंय, कोणाच्या चांगुलपणावर सोडलेलं नाही. आम्हाला त्या पहिल्या स्टेशनात यातला एक शब्द कोणी सांगितला नव्हता.

फुकट वकिलाचं पण सांगते. १९८७ च्या विधी सेवा कायद्यात बाई म्हणून वेगळा हक्क आणि दिव्यांग म्हणून वेगळा हक्क, दोन्हीला उत्पन्नाची अट नाही. लैंगिक अत्याचाराचे गुन्हे असतील तर दिव्यांग बाईची तक्रार पोलिसांनी तिच्या घरी किंवा ती म्हणेल त्या जागी येऊन, इंटरप्रिटर किंवा स्पेशल एज्युकेटर सोबत घेऊन लिहायची आणि व्हिडिओ काढायचा. हे २०१३ पासून कायद्यात आहे आणि १ जुलै २०२४ पासूनच्या नवीन भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत पण आहे. तिथे एका अंध मुलीची आई भेटली, ती सारखी म्हणत होती की पोरीने पाहिलंच नाही तर कोर्ट मानेल का. वकील मॅडमनी तिला २०२१ चा सुप्रीम कोर्टाचा निकाल समजवून सांगितला, आंध्र प्रदेशातल्या एका अंध मुलीच्या केसचा, की फक्त दिव्यांग आहे म्हणून तिची साक्ष कमी दर्जाची धरता येत नाही, आवाजावरून ओळखलं तरी ते ओळखणंच आहे. त्या बाईने पदर तोंडाला लावला आणि कितीतरी वेळ काही बोललीच नाही.

आता जे नाही पटलं ते. इंटरप्रिटर आठवड्यातून दोनच दिवस, सोमवार आणि गुरुवार. मंगळवारी मारलं तर बाईने गुरुवारपर्यंत काय करायचं? व्हिडिओ कॉलवर इंटरप्रिटर जोडायची सोय व्हायलाच पाहिजे, मी लेखी अर्ज देऊन आली आहे. रॅम्प आहे पण इतका उभा की मागून ढकलणारा पाहिजेच, आणि दोन वेळा त्याच्यासमोर गाड्या लागलेल्या पाहिल्या. संडासच्या दाराला चार बोटं उंच पायरी. हिंगण्याकडची एक व्हीलचेअरवाली बाई होती, तिला दर वेळी दोघी जणी उचलून आत न्यायच्या, आणि ती मान खाली घालून बसायची. जिच्या अंगाला घरात तिच्या मर्जीशिवाय हात लावला गेला, तिला मदत करायच्या जागी पण परक्या हातांनी उचलावं लागतं, हे मला बघवलं नाही. ती पायरी एका दिवसात फोडून उतार करता येते, मिस्त्री सांगा मी पाठवते असं मी बोलून आली. मतिमंद मुलींसाठी स्पेशल एज्युकेटर पाहिजे तो बोलावल्यावर येतो, एका आईला बारा दिवस वाट पाहावी लागली. आणि सखी सेंटरमध्ये राहायची सोय साधारण पाच दिवसांचीच असते, त्याच्यानंतर ज्या निवाऱ्यात पाठवतात तिथे रात्री खुणांची भाषा येणारं कोणी नसतं. लहानी माझ्याकडे राहिली म्हणून आमचं भागलं.

सीताबर्डीला मेट्रोतून उतरून ऑटोने पंधरा मिनिटं. पहिल्या दिवशी कागद काहीच मागत नाहीत, आधार, यूडीआयडी (दिव्यांगांचं ओळखपत्र) नंतर दिलं तरी चालतं. पैसे लागत नाहीत. सकाळी अकराच्या आत जा, दुपारी गर्दी होते.

आमचं काय झालं विचाराल तर, मशीन आठव्या दिवशी परत आली, हवालदार मॅडम स्वतः घेऊन आल्या. बँकेत जाऊन कार्ड बंद करून नवीन काढलं, मोबाइल नंबर बदलला. ११२ चं ॲप ताईंनी तिच्या फोनमध्ये टाकून दिलं, बोलता येत नसेल तरी त्यातून मदत मागता येते, १८१ वर ती फोन कसा करणार होती. दोन महिन्यांनी लहानीने स्वतःहून सांगितलं की आता तक्रार करायची आहे. जबाब दिला तेव्हा ती साडेतीन तास बोलली, मी बाहेरच होती, कोणी न सांगताच जाऊन बसली होती.

हे लिहिलेलं तिला वाचायला दिलं. तिने एकच गोष्ट टाकायला लावली, जी माझ्या लक्षातच आली नव्हती. त्या खोलीच्या दाराला काच आहे आणि तिला दर वेळी दाराकडे तोंड करून बसवायचे. सासरी कोणीही मागून येऊन मारायचं, तिला पावलं ऐकू यायची नाही. इथे कोण येतंय ते आधी दिसायचं.