अंगावर चरबी नसलेला माणूस: ‘द लाँग डार्क’ सात महिने खेळल्यावर

आधी हिशेब. हा गेम नोव्हेंबरच्या सेलमध्ये घेतला, आता जून उजाडलाय. स्टीमवर (जिथून गेम घेतला ते ऑनलाइन दुकान) २१४ तास दिसतात. एवढ्यात १९ वेळा मेलो: ११ वेळा गारठून, ५ वेळा लांडग्यांकडून, एकदा अस्वलाकडून आणि दोनदा दोरावर चढताना दम संपून खाली आपटून. मेलं की सेव्ह पुसली जाते, म्हणजे प्रत्येक वेळी पहिल्या दिवसापासून श्रीगणेशा.

ज्यांनी खेळला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: कॅनडातल्या हिंटरलँड स्टुडिओचा गेम. २०१४ साली अर्ली अ‍ॅक्सेसमध्ये, म्हणजे अर्धवट तयार असतानाच विक्रीला आला, १ ऑगस्ट २०१७ ला पूर्ण आवृत्ती निघाली. ग्रेट बेअर नावाचं काल्पनिक बेट, भूचुंबकीय वादळाने वीज आणि गाड्या बंद, आणि तुम्ही एकटे. झॉम्बी नाहीत, गावंच्या गावं ओस. थंडी, थकवा, तहान, भूक असे चार मीटर आणि त्यावर प्रकृतीचा टक्का. स्टोरी मोडही आहे. मी दोन भाग खेळून सोडला. खरा गेम सर्व्हायव्हल मोडमध्येच आहे: कथा नाही, फक्त जगून दाखवायचं.

घेतला तो ‘सगळ्यात रिअलिस्टिक’ म्हणून. आहे का तसा? अर्धामुर्धा. आणि कुठला अर्धा खोटा, हे कळायला मला तीन महिने लागले.

कॅलरींचे आकडे बघा. झोपेत तासाला ७५, चालताना त्याच्या तिपटीहून जास्त. पाठीवर ओझं घेऊन बर्फात चालणाऱ्याला एवढं लागणारच, त्यामुळे खर्चाची बाजू चोख. घोळ आहे तो शिलकीत. पोटात २५०० कॅलरींचा साठा, तो शून्यावर आला की लगेच प्रकृती घसरायला लागते, दिवसाला साधारण २५ टक्क्यांनी. म्हणजे धडधाकट माणूस चार दिवसांत उपाशी मेला. आपल्याकडे लोक नवरात्राचे नऊ दिवस नुसत्या पाण्यावर काढतात हो! किलोभर चरबीत सात-साडेसात हजार कॅलरी असतात. खेळातल्या माणसाच्या अंगावर चरबी नावाची चीजच नाही. टाकी रिकामी झाली की गाडी बंद.

असं का केलं असेल, हे समजतं. खेळातला एक दिवस आपल्या दोन तासांत संपतो. खरी उपासमार दाखवायची तर महिनाभराच्या भुकेला साठ तास खेळावं लागेल, मग भुकेला घाबरणार कोण? पण ही तडजोड स्टुडिओच्याच अंगाशी आली. जुन्या खेळाडूंनी गणित मांडलं: दिवसभर मुद्दाम उपाशी राहायचं, तासाला टक्काभर प्रकृती जाऊ द्यायची आणि झोपायच्या आधी फक्त रात्रीपुरतं खायचं. दहा तासांच्या झोपेला ७५० कॅलरी लागतात. पीचचा एक डबा ४५०, कॅटटेल या पाणवनस्पतीचे दोन देठ ३००, झालं काम. दिवसा गेलं त्याहून जास्त झोपेत भरून येतं. म्हणजे जगण्याच्या खेळात सर्वांत शहाणपणाचा डाव कुठला, तर उपाशी राहणं! मीही दोन रन (पहिल्या दिवसापासून मरेपर्यंतचा एक डाव) असे काढले. जिंकत होतो, पण शिकार करावीशी वाटेना, अन्न सापडल्याचा आनंद होईना. नुसता हिशेबनीस झालो होतो.

स्टुडिओने यावर काढलेला तोडगा मला फार आवडला. उपाशी राहण्याची शिक्षा वाढवली नाही. उलट, तीन दिवस सलग पोट रिकामं होऊ दिलं नाही, तर ‘वेल फेड’ अशी अवस्था मिळते: पाच किलो जास्त ओझं वाहता येतं, प्रकृतीही थोडी जास्त. तीस किलोच्या मर्यादेत सदैव घुसमटणाऱ्याला पाच किलो म्हणजे काय, हे खेळल्याशिवाय कळणार नाही. आता मी हरणामागे जातो ते मरणाच्या भीतीने नाही, पाठीवर जागा हवी म्हणून.

थंडीबाबत मात्र गेमला पैकीच्या पैकी. पारा एक आणि वारा वेगळा. उणे १२ मध्ये बिनधास्त चालत असता, वारं सुटतं आणि अंगाला उणे २५ लागतं. मोठ्या खडकाच्या आडोशाला गेलात की चिन्ह बदलतं, इथे शेकोटी टिकेल. कपडे ओले झाले की ऊब जाते, मग गोठतात आणि जड होतात. मी नाशिकचा, उणे तापमान फ्रीजरच्या कप्प्यापलीकडे पाहिलेलं नाही. पण कळसूबाईवर जानेवारीत घामाने भिजलेल्या टी-शर्टवर पहाटेचा वारा झेललाय. गारठून मेलेल्या अकरांपैकी दहा वेळा चूक माझीच होती: ‘अजून एक घर बघतो’ म्हणत पुढे गेलो. अकराव्या वेळी हिमवादळ आलं, त्याला इलाज नव्हता.

पाय मुरगळण्यावरून लोक फार बोंबलतात. उतारावर ओझं घेऊन उतरलात की धोक्याचं चिन्ह येतं, तरी पुढे गेलात तर घोटा जातो. मला यात काही वावगं वाटत नाही. घसाऱ्यावर भरल्या सॅकने एकदा उतरून बघा.

लांडगे हा मात्र सरळसरळ खोटेपणा. खरा लांडगा सहसा माणसाच्या वाऱ्यालाही उभा राहत नाही. सासवडकडच्या माळावर मी एकदाच पाहिला, आम्हाला बघताच तो उतारापलीकडे दिसेनासा झाला. इथले लांडगे नरड्यालाच येतात. कथेत कारण दिलंय की वादळाने जनावरं बिथरली, पण खरं कारण उघड आहे: लांडगा नसता तर दिवसा, चांगल्या हवेत, भीती कसली? चालवून घेतो, कारण त्याभोवतीचे नियम प्रामाणिक आहेत. पाठीवर कच्चं मांस असेल तर वास पसरतो आणि ते दुरून येतात. मांस टाकून दिलं तर बहुधा तेवढ्यावर भागतं. पेटता पलिता दाखवला तर बिचकतात.

आता अवघडपणाच्या पायऱ्या. पिलग्रिममध्ये लांडगेच तुम्हाला बघून पळतात (गंमत म्हणजे हीच पायरी निसर्गाला सर्वांत धरून आहे), मग चढत्या क्रमाने व्हॉयेजर, स्टॉकर आणि इंटरलोपर. इंटरलोपरमध्ये बंदूक नाही, तयार सुरी नाही, कुऱ्हाड नाही. जड हातोडा शोधायचा, भट्टीपर्यंत कोळसा वाहायचा आणि भंगार लोखंडातून पातं ठोकायचं. पहिली सुरी बनली तेव्हा मी खुर्चीतून उठून उभा राहिलो होतो, आई आतून विचारत होती काय झालं. पण थंड डोक्याने विचार करा: बेटावर घरं आहेत, स्वयंपाकघरं आहेत, डबाबंद अन्न आहे आणि एकाही ड्रॉवरमध्ये भाजी चिरायची सुरी नाही? माणसं जाताना विळी-सुरी तेवढी घेऊन गेली? टंचाई पटते, ही रिकामी जागा पटत नाही. काडेपेट्या कमी ठेवल्या ते ठीक, कारण काड्या संपतात. सुऱ्या संपत नाहीत.

म्हणून शेवटी कस्टम मोडवर आलो, जिथे नियम आपणच ठरवायचे. लांडगे कमी, हवा इंटरलोपरसारखी, सामान स्टॉकरपेक्षा तुटपुंजं, झोपेत प्रकृती अगदी सावकाश भरणारी. या शेवटच्या खुंटीने उपाशी राहण्याची चलाखी बरीचशी आपोआप मरते.

दोन तक्रारी राहिल्या. सेव्ह होतं ते मुख्यतः घरात शिरलात किंवा झोपलात की. आमच्याकडे मे महिन्यात वीज गेली ती नेमकी मी पाऊण तास उघड्यावर फिरल्यावर. यूपीएस नसेल तर डेस्कटॉपवर जपून. आणि नकाशा कोळशाने स्वतः काढावा लागतो, ही कल्पना सुरेख, पण हवा खराब असेल तर काढताच येत नाही, आणि नेमका तेव्हाच तो हवा असतो.

सध्याचा रन ८७ व्या दिवशी आहे. बेटावरच्या मिस्ट्री लेक भागातल्या कॅम्प ऑफिसमध्ये मुक्काम, दोन हरणांची कातडी वाळत टाकलीय, काड्या चार. भिंग आहे, पण तीन दिवस ऊन पडलेलं नाही.