स्कोलिओसिसचा ब्रेस आणि घरचा व्यायाम : नागपूरच्या उन्हाळ्यासह नऊ महिने

लेकीची पाठ एका बाजूला वळतेय हे सगळ्यात आधी तिच्या आजीच्या हाताला कळलं. गेल्या दिवाळीत नरकचतुर्दशीच्या पहाटे सासूबाई तिला तेल लावत होत्या. हात मध्येच थांबला आणि मला हाक आली, "इकडं ये वो जरा. हिची उजवी बाजू अशी वर काहून लागून रायली?"

मी हात लावून पाहिलं. उजव्या खांद्यामागचं पसरट हाड स्पष्ट वर आलं होतं. मग एकेक आठवू लागलं. कुर्त्याचा गळा नेहमी एकाच खांद्यावरून घसरायचा. शिवणाऱ्या काकूंनी दोनदा सांगितलं होतं की परकराची एक बाजू उचलल्यासारखी दिसते. दुखत काहीच नव्हतं, म्हणून मी ते पोक काढून उभं राहण्याची सवय समजले आणि वर्षभर "नीट उभी राहा" म्हणून तिलाच रागावत राहिले. त्याचं मला आजही वाईट वाटतं. तिच्या हातात ते नव्हतंच.

ज्यांच्या घरी 10 ते 15 वर्षांची मुलं आहेत त्यांनी एवढं जरूर करावं. मुलाला पाय जुळवून, गुडघे ताठ ठेवून, दोन्ही तळहात जोडून कमरेतून हळूहळू पुढे वाकायला सांगा. आपण मागे खाली बसायचं आणि नजर पाठीच्या पातळीला आणायची. एका बाजूच्या बरगड्या किंवा कंबर दुसरीपेक्षा उंच दिसली तर हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. डॉक्टर हीच अॅडम्सची चाचणी करतात. सरळ उभं असताना जे लपतं ते वाकल्यावर दिसतं, कारण स्कोलिओसिसमध्ये कणा नुसता एका बाजूला झुकत नाही, स्वतःभोवती पिळतोही, आणि बरगड्यांना सोबत घेऊन वळतो.

आमचे तीन आठवडे मात्र वाया गेले. एका ठिकाणी उभा एक्स-रे न काढताच "पोश्चर बरोबर नाही" असं सांगून खांदे मागे ओढणारा इलॅस्टिकचा पट्टा दिला. अशा पट्ट्याने स्कोलिओसिस थांबत नाही. त्यानंतर धंतोलीत कण्याच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी उभ्याने पूर्ण पाठीचा एक्स-रे काढायला लावला आणि कॉब अँगल, म्हणजे कण्याचा बाक किती डिग्रीचा आहे ते, मोजला : 31 डिग्री. 1948 साली अमेरिकेतल्या डॉ. जॉन कॉब यांनी मांडलेली ही पद्धत आजही जगभर वापरतात. 10 डिग्रीच्या खालच्या वळणाला स्कोलिओसिस म्हणत नाहीत. वाढीच्या वयात साधारण 25 ते 40 डिग्रीपर्यंत ब्रेस देतात आणि 45-50 च्या पुढे गेलं की ऑपरेशनचं बोलणं सुरू होतं. लेक तेव्हा बारा वर्षांची, पाळी सुरू झालेली नव्हती, म्हणजे उंची भराभर वाढण्याचा काळ अजून पुढे होता. धोका तिथेच असतो. उंची वाढते तसा बाकही वाढतो, आणि मुलींमध्ये तो वाढत जाण्याचं प्रमाण मुलांपेक्षा बरंच जास्त आहे.

"दप्तरामुळे झालं का? दूध पीत नाही म्हणून?" मी विचारलंच. नाही. बहुतेक मुलांमध्ये याचं एक नेमकं कारण सापडत नाही, आणि दप्तर, झोपायची पद्धत किंवा कॅल्शियम यातलं काहीच त्याचं कारण नाही. घरात कोणी कोणाला बोल लावायचा प्रश्नच त्या दिवशी मिटला. (रात्री झोप मोडणारं दुखणं, पायात बधिरपणा, छातीच्या भागातला डावीकडचा बाक किंवा दहा वर्षांच्या आतच सुरुवात असेल तर गोष्ट वेगळी असते. तेव्हा डॉक्टर एमआरआय सांगू शकतात.)

आता ब्रेसबद्दल. काखेखालून कमरेच्या खालपर्यंत येणारं कडक प्लास्टिकचं जॅकेट, पट्टे वेल्क्रोचे. आम्हाला 22,000 रुपये पडले. तयार मापात हे घेऊ नये, अंगाचं माप घेऊन बनवलेलंच हवं. आत ठराविक जागी पॅड असतात आणि त्यांच्या समोरच्या बाजूला मोकळी जागा ठेवलेली असते. पॅड दाबतो आणि शरीर त्या मोकळ्या जागेकडे सरकतं. ऑर्थोटिस्टने, म्हणजे ब्रेस बनवणाऱ्या तज्ज्ञाने, हे समजावल्यावर लेकीने स्वतः बोट घालून ती जागा शोधली. माझ्या मते तिने ब्रेस तिथेच अर्धा स्वीकारला. घालून काढलेल्या एक्स-रेमध्ये 31 चे 16 दिसले. ब्रेस घातल्यावर एक्स-रे काढायला कोणी सांगितलं नाही तर आपण विचारावं, कारण तो बरोबर बसलाय की नाही हे त्यातूनच कळतं.

आम्हाला दिवसाचे 18 तास सांगितले. 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिका-कॅनडातल्या एका मोठ्या अभ्यासात ब्रेस घालणाऱ्या 72 टक्के मुलांचा बाक वाढ पूर्ण होईपर्यंत 50 डिग्रीच्या आत राहिला, नुसतं लक्ष ठेवलेल्यांत 48 टक्के. रोज सरासरी 13 तासांच्या वर घालणाऱ्यांत तर 90 टक्क्यांहून अधिक. म्हणजे सगळा खेळ तासांचा. भिंतीवरच्या कालनिर्णयवर जसा दुधाचा हिशोब लिहितो तसे आम्ही तास लिहितो, आणि ते लेकच लिहिते. सुरुवातीला मी लिहायचे आणि दर तासाला "घातला का?" विचारायचे. पंधरा दिवसांत घरात नुसती धुसफूस. मग फिजिओ ताईंनी सांगितलं, मोकळे सहा तास तिचे, ते कधी घ्यायचे ते तिला ठरवू द्या. तिने कथकचा क्लास, आंघोळ-व्यायाम आणि शाळेतली शेवटची तासिका निवडली. त्या दिवसापासून भांडण कमी झालं. नाच, पळणं, पोहणं बंद करायची गरज नसते, उलट ते सुरू ठेवायलाच सांगतात.

नागपुरात याची खरी परीक्षा एप्रिलपासून. बाहेर 45, घरात कूलर, आणि कूलरची ओली हवा प्लास्टिकच्या आत पोचत नाही. मेच्या दुसऱ्या आठवड्यात एका रात्री तिने ब्रेस काढून भिंतीकडे तोंड केलं आणि खूप रडली. मी काही समजावलं नाही. ओल्या पंचाने पाठ पुसून दिली आणि शेजारी झोपले. सकाळी सहाला तिने आपणहून घातला. डॉक्टरांना फोन करून उन्हाळ्यापुरते दुपारचे तास मोकळे केले आणि रात्र पूर्ण धरली. काही दिवस 16 तासच भरले. खोटे 18 लिहिण्यापेक्षा खरे 16 बरे, असं तेही म्हणाले.

कामाला आलेल्या गोष्टी सांगते. आतून सुती बनियन, उलटं घातलेलं, म्हणजे शिवण टोचत नाही. मेमध्ये दिवसाला तीन लागायची. ब्रेसखाली पावडर किंवा क्रीम लावायचं नाही, पावडरचे घामाने गोळे होतात आणि क्रीमने कातडी मऊ पडून सोलते. काढल्यावर लाली दिसणारच, पण अर्ध्या तासात गेली नाही तर ब्रेस सैल-घट्ट करून घ्यायला जायचं, सहन करत बसायचं नाही. रोज सौम्य साबणाच्या ओल्या फडक्याने पुसायचा आणि सावलीत वाळवायचा. उन्हात किंवा मेमधल्या बंद गाडीत ठेवला तर आकार बिघडू शकतो. पोट दाबलं जातं म्हणून जेवण थोडं थोडं, चार-पाच वेळा.

व्यायाम श्रॉथ पद्धतीचा. कॅथरिना श्रॉथ नावाच्या जर्मन बाईंना स्वतःला हाच त्रास होता. त्यांनी 1921 मध्ये माइसेन गावात आरशासमोर उभं राहून आणि श्वास वापरून व्यायाम शिकवायला सुरुवात केली. आमच्याकडे कपाटाचा आरसा आहे. तांदळाच्या छोट्या पुरचुंड्या आजीने जुन्या लुगड्याच्या शिवून दिल्या. झोपल्यावर वर आलेल्या भागाखाली त्या ठेवायच्या, उंची ताणायची आणि दबलेल्या बाजूच्या बरगड्यांत श्वास भरायचा. मी तिथे हलका हात ठेवते, म्हणजे श्वास नेमका कुठे न्यायचा ते तिला कळतं. रोज 25 मिनिटं. हे व्हिडिओ पाहून करू नका, प्रत्येकाचा बाक वेगळा, एकासाठी बरोबर असलेलं वळण दुसऱ्याचं बिघडवू शकतं. आधी सहा-सात बैठका शिकून घेतल्या, आता महिन्यातून एकदा तपासून येतो. 31 डिग्रीला नुसत्या व्यायामावर राहा असं आम्हाला कोणी जाणकाराने सांगितलं नाही.

जूनमध्ये ब्रेस काढून घेतलेल्या एक्स-रेत 29 आले. मोजण्यातच पाच डिग्रीपर्यंत फरक पडतो, त्यामुळे बाक कमी झाला असं मी म्हणणार नाही. पण सहा महिन्यांत उंची चार सेंटिमीटर वाढली आणि बाक वाढला नाही. आम्हाला ब्रेसकडून एवढंच हवं होतं.

तक्रारी आहेत. हवा खेळायला छिद्रं जास्त हवी होती. वेल्क्रो पाच महिन्यांत सैल पडले, ते बदलायला दोन चकरा झाल्या. उंची वाढल्यामुळे दिवाळीनंतर दुसरा बनवावा लागेल, म्हणजे पुन्हा तेवढाच खर्च. पण सगळ्यात जास्त त्रास दिला तो लोकांच्या बोलण्याने. एका नातेवाईक बाईंनी तिच्यासमोर विचारलं, "लग्नाचं कसं होईल?" सासूबाई तिथेच म्हणाल्या, "पोरीचं शिक्षण होऊ द्या बाप्पा आधी." शाळेत मात्र मैत्रिणींनी ब्रेसवर टकटक करून आत कोण आहे विचारलं आणि विषय संपला. वर्गशिक्षिकांना डॉक्टरांचं पत्र आधीच दिलं होतं, त्याचा उपयोग झाला.

भावंडांमध्ये शक्यता थोडी जास्त असते, म्हणून धाकट्यालाही दर तीन महिन्यांनी वाकायला लावते. तान्ह्या पोळ्याच्या दिवशी लाकडी बैल हातात घेऊनच वाकला. ताईनेच मागे बसून पाहिलं आणि सांगितलं, "दोन्ही बाजू सारख्या."